आधी शब्दाची जात, मग अर्थ

हाऊसच्या नाट्यस्पर्धेत ज्युलिएटचा संवाद माझ्याकडे होता. ‘व्हेअरफोर’ म्हणताना मी कपाळाशी हात धरून रोमिओला शोधू लागलो. इंग्रजीचे सर हसले. ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे, ‘का’. तू नेमका शत्रूच्या घराण्यातला रोमिओच का, असे ती विचारते. एका शब्दापायी प्रवेशाचा अर्थ बदलला आणि हाऊसचे गुण गेले.

तेव्हापासून मी जुन्या इंग्रजी शब्दांची वही ठेवली आहे. त्यातले काही शब्द:

दाउ – सर्वनाम (कर्ता): तू
दी – सर्वनाम (कर्म): तुला
हिदर, दिदर, व्हिदर – क्रियाविशेषणे: इकडे, तिकडे, कुणीकडे
हेन्स, देन्स, व्हेन्स – क्रियाविशेषणे: इथून, तिथून, कुठून
बिट्विक्स्ट – शब्दयोगी अव्यय: मध्ये
लेस्ट – उभयान्वयी अव्यय: तसे होऊ नये म्हणून (युद्धस्मारकांवर दिसतो)
अलास – केवलप्रयोगी अव्यय: अरेरे!

‘व्हेन्स’मध्येच ‘हून’ आहे, म्हणून त्याआधी ‘फ्रॉम’ सहसा लागत नाही.

गंमत म्हणजे आजच्या इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोघांना एकच ‘यू’ आहे. मराठीत हा भेद अजून जिवंत आहे. त्यामुळे बेंगळुरूत शिकणाऱ्या आम्हा मराठी मुलांना हे शब्द उलट सोपे जातात.

मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही शब्दापुढे आधी जात दिली आहे, मग अर्थ. ज्युनिअर मित्रांनो, रंगमंचावर जाण्याआधी तोच क्रम पाळा.