घरची आइसकांडी: पाणी, साखर आणि मीठ

मार्चअखेर परीक्षा संपली की आपल्यातले बरेच जण गावी जातात. मी बेंगळुरूला जातो. आमचे घर पीण्या औद्योगिक क्षेत्राला लागून आहे. बाबा निपाणीहून तिथे आले आणि एका मशीन शॉपमध्ये टर्नर म्हणून लागले. बेंगळुरूची हवा थंड असते असे सगळे म्हणतात, पण ते पत्र्याच्या शेडखाली उभे राहून कुणी म्हणत नसेल. एप्रिल २०१६ मध्ये या शहरात ३९.२ अंश तापमान नोंदले गेले आहे.

दुपारी चार वाजता आमच्या गल्लीत आइसकांडीची सायकल येते. निपाणीला आजी तिला गारेगार म्हणते. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला कावीळ झाली आणि ती महिनाभर शाळेत गेली नाही. दूषित पाणी किंवा बर्फ पोटात गेला असावा, असे डॉक्टर म्हणाले. नेमके कुठून, ते कळायला मार्ग नव्हता. पण आईने त्या दिवसापासून बाहेरचा बर्फ बंद केला. शेजारच्या काकू काविळीवर उसाचा रस द्या म्हणत होत्या. डॉक्टरांनी त्यालाही नाही म्हटले, कारण गाड्यावरच्या रसात तोच बर्फ असतो. या सुट्टीत सायकलची घंटा वाजली की बहीण खिडकीत जाऊन उभी राहायची, काही मागायची नाही. ते बघवेना, म्हणून मी घरी कांडी करायला घेतली. वाटले होते, रस फ्रीजरमध्ये ठेवायचा की झाले. प्रत्यक्षात त्यात आपला नववी-दहावीचा बराच अभ्यास निघाला.

कांडीचा शोध एका मुलानेच लावला असे सांगतात. फ्रँक एपर्सन हा कॅलिफोर्नियातला अकरा वर्षांचा मुलगा. १९०५ साली त्याने सोड्याची पूड पाण्यात कालवली आणि पेला ढवळायच्या काडीसकट रात्रभर बाहेर विसरला. सकाळी ते गोठले होते. त्याचे पेटंट मात्र त्याला १९२४ साली मिळाले. आपल्याकडे त्याआधी कितीतरी शतके पाणी गार करायला सोरा वापरत, हे अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे.

आता पाणी. माझी पहिली चूक इथेच झाली. मी सरळ नळाखाली भांडे धरले. बाबा म्हणाले, “अरे, हे बोअरचं आहे. यानं फरशी पूस, खाऊ नको करूस.”

आमच्या भागात काही ठिकाणी कावेरीचे पाणी येते, काही ठिकाणी बोअरचे आणि उरलेले टँकरचे. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून पंपाने वर चढवून शहरात आणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची मोठी टंचाई झाली, तेव्हा आमच्या इमारतीत सगळा भार टँकरवर होता. बोअरच्या पाण्याची अडचण वेगळी आहे. पीण्यात इलेक्ट्रोप्लेटिंगचे पुष्कळ कारखाने आहेत, आणि इथल्या भूजलात काही ठिकाणी क्रोमियम आढळल्याच्या नोंदी आहेत. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम नसावे असे भारतीय मानक सांगते.

मी विचारले, “मग उकळून घेऊ का?” बाबांनी मलाच उलटा प्रश्न केला, उकळल्यावर वाफ कशाची होते? वाफ पाण्याची होते. धातू भांड्यातच राहतो, म्हणजे उकळून तो उलट थोडा दाट होतो. उकळल्याने जंतू मरतात, क्रोमियम जात नाही. गोठवल्याने तर यातले काहीच होत नाही. पुष्कळांना वाटते की बर्फ झाला म्हणजे जंतू मेले. तसे नाही. थंडीत जंतूंची वाढ थांबते, पण बरेच जंतू जिवंत राहतात आणि तोंडात बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. एका प्रकारच्या काविळीचा विषाणू (हिपॅटायटिस ए) गोठवून मरत नाही. म्हणून पाणी आधी चांगले हवे, बर्फ नंतर. आम्ही आरओचे पाणी घेतले आणि बहिणीसाठी म्हणून तेही उकळून गार केले. जिथे नळाचे पाणी खात्रीचे आहे तिथे एक मिनिट खळखळून उकळले तरी पुरते.

इथे एक आठवण देतो. बाजारात निळा बर्फ दिसला तर तो खाण्याचा नाही. मासे वगैरे ठेवण्याचा किंवा कारखान्यातला बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळा रंगवावा, असा आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली काढला होता. पण पांढरा आहे म्हणजे चांगला आहे, असे मात्र समजू नका.

पाण्यानंतर साचा. आमच्याकडे साचे नव्हते. पीण्यात राहून साचा विकत आणायचा याची मला लाजच वाटली, कारण तिथे सुईपासून क्रेनपर्यंत सगळे बनते. बाबांच्या शॉपशेजारी पत्र्याचे काम चालते. तिथले तुकडे आणून मी लांबट डबे वाकवले. दिसायला झकास झाले होते. बाबांनी ते हातात घेतले आणि भंगाराच्या पोत्यात टाकले. तो जीआय पत्रा होता, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला. कैरीच्या पन्ह्यात आम्ल असते. आम्ल आणि जस्त यांची अभिक्रिया आपण दहावीच्या पुस्तकात शिकतो. तीच अभिक्रिया त्या डब्यात झाली असती आणि जस्ताचा क्षार बहिणीच्या पोटात गेला असता. शिवाय पत्र्यावर कटिंग ऑइलचा वास होता तो वेगळाच. ॲल्युमिनियमच्या कुल्फीच्या साच्यांचेही तसेच आहे. दुधाच्या कुल्फीला ते चालतात, आंबट रसाला नकोत.

शेवटी आईने फळीवरून स्टीलचे सहा छोटे पेले काढून दिले. काडीच्या जागी स्टीलचे चमचे. इतके सोपे होते. धातूतून उष्णता प्लॅस्टिकपेक्षा लवकर बाहेर जाते, त्यामुळे कांडी लवकर गोठते. लवकर गोठली की बर्फाचे कण बारीक राहतात आणि ती कमी करकरीत लागते.

आमचे प्रमाण असे ठरले. कलिंगडाचा बिया काढलेला गर अर्धा किलो, साखर ५० ग्रॅम, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. कलिंगड अख्खे आणावे, कापलेले आणू नये. सुरी लावण्याआधी सालही धुवावी, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. आंब्यासाठी बादामीचा रस अर्धा किलो, पाणी २०० मिलिलिटर आणि साखर फक्त दोन मोठे चमचे. आपल्या हापूसला तिकडे बादामी म्हणतात, आणि हापूस चांगला की बादामी यावर आमच्या घरी बाबा आणि आजी यांचे फोनवर भांडण होते. पन्ह्याची कांडी करायची तर पन्हे नेहमीपेक्षा थोडे गोड ठेवावे, कारण जीभ गार झाली की गोड कमी कळते. पहिल्या खेपेला मी हे विसरलो. पेल्यात चवीला बरोबर लागलेले पन्हे कांडीत नुसते आंबट लागले. बंगलोर ब्लू नावाची काळी द्राक्षे बेंगळुरूच्या आसपास पिकतात, त्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यांच्या रसाची कांडी सगळ्यांत सुंदर दिसते, पण साले आणि बिया गाळताना हात दुखून येतात.

कलिंगडाला साखर जास्त आणि आंब्याला कमी, असे का? कलिंगडात मुळात सहा टक्क्यांच्या आसपास साखर असते, पिकलेल्या आंब्यात चौदा-पंधरा टक्के. वरच्या दोन्ही प्रमाणांचा हिशेब करून बघा. दोन्हीकडे मिश्रणात सुमारे १४ टक्के साखर येते. मी साखर मुळीच न घालता कलिंगडाची एक कांडी करून बघितली. ती दगड झाली.

त्याचे कारण असे. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते. त्यात काही विरघळले की गोठणबिंदू खाली जातो. एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम साखर घातली तर तो साधारण उणे ०.८ अंशावर येतो. हे फार वाटत नाही. पण गोठताना आधी नुसत्या पाण्याचे स्फटिक होतात आणि साखर उरलेल्या पाण्यात मागे राहते. तीन चतुर्थांश पाणी गोठले की उरलेला पाक चौपट दाट होतो आणि त्याचा गोठणबिंदू उणे ३ च्याही खाली जातो. पाणी गोठत जाते तसा पाक दाट होत जातो. म्हणून घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशाला ठेवलेल्या कांडीतही बर्फाच्या कणांमध्ये थोडा पाक पातळच असतो. आपले दात त्यामुळेच तिच्यात घुसतात. सायकलवरची रंगीत कांडी चोखली की रंग आणि गोडी आधी तोंडात येते आणि हातात पांढरा बर्फ उरतो, त्याचेही कारण हेच.

पेले काठोकाठ भरू नयेत. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बोटभर जागा सोडावी. चमचा लगेच उभा राहत नाही. दीड तासाने मिश्रण दाटले की मग मधोमध खोचावा. पूर्ण गोठायला सहा तास धरावेत, रात्रभर ठेवले तर उत्तम. काढताना पेला बाहेरून दहा-पंधरा सेकंद नळाच्या धारेखाली धरला की कांडी सुटते. पण पाणी आत जाऊ देऊ नका, नाहीतर एवढे सगळे करून शेवटी बोअरचे पाणीच लागायचे. आणि चमचा स्टीलचा असल्याने एक मिनिट थांबा. माझ्या बहिणीने घाई केली आणि तिची जीभ चमच्याला चिकटली. ओढू नये, कोमट पाणी सोडावे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लाइटच गेली आणि दुपारपर्यंत आली नाही. फ्रीजरमधल्या कांड्या पाणी झाल्या. वितळलेल्या कांड्या परत गोठवू नयेत. त्या खडबडीत होतात आणि मधल्या वेळात जंतूही वाढलेले असतात. ते सरबत आम्ही तेव्हाच पिऊन टाकले. बहिणीला मात्र त्या दिवशी कांडीच हवी होती. त्यामुळे मीठ वापरून बघायची पाळी आली. फ्रीज नसलेल्यांना आणि आपल्यासारख्या वसतिगृहातल्यांना हीच पद्धत उपयोगी आहे.

बर्फ तीन भाग आणि जाडे मीठ एक भाग. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीच वितळू लागतो. वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूने, म्हणजे आपल्या पेल्यातून, ओढून घेतो. या मिश्रणाचे तापमान जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. हात घालू नका, कातडी भाजल्यासारखी होते. हा बर्फ खायचा नसल्यामुळे बाजारातला चालतो, पण पेल्यांची तोंडे नीट झाकलेली हवीत.

बर्फ किती लागेल? एका पेल्यात ६० ग्रॅम रस धरा आणि तो पाण्यासारखाच समजा. ३० अंशांवरून शून्यावर आणायला ६० × ३० = १८०० कॅलरी उष्णता काढावी लागते. शून्याला गोठवायला ६० × ८० = ४८०० कॅलरी. म्हणजे गार करण्यापेक्षा गोठवण्यालाच अडीचपटीहून जास्त काम आहे. एका कांडीच्या ६६००, सहांच्या सुमारे ४०,००० कॅलरी. एक किलो बर्फ वितळताना ८०,००० कॅलरी शोषतो. म्हणजे हिशेबाने अर्धा किलो बर्फ पुरावा. आम्ही एक किलो घेतला आणि तो पुरला नाही, कारण बादली उघडी होती आणि बाहेरची उष्णताही आत येत होती. दुसऱ्या वेळी बादलीला जुनी गोधडी गुंडाळली, दोन किलो बर्फ आणि पाऊण किलोच्या आसपास मीठ घेतले. सव्वा तासात सहाही कांड्या झाल्या. मोठ्या कारखान्यांतही कांड्यांचे साचे अतिथंड खारट पाण्यातच बुडवतात, फक्त तिथे पाणी यंत्राने गार करतात.

शाळा सुरू झाल्यावर सरांच्या परवानगीने मी हे मिश्रण प्रयोगशाळेत मोजून पाहिले. आपल्या थर्मामीटरवर खाली उणे १० पर्यंतच रेघा आहेत. पारा चार मिनिटांत शेवटच्या रेघेखाली गेला, पुढचे मोजता आले नाही. “यात एक कांडी लावू का?” असे मी विचारले. प्रयोगशाळेतले काहीही तोंडात जाणार नाही, असे सरांनी सांगितले. ते बरोबरच आहे.

घरी आईने आता सहा पेले कांडीसाठी वेगळे ठेवले आहेत. मागच्या रविवारी फोनवर बहीण म्हणाली की गल्लीतल्या दोन मैत्रिणी चार वाजता आमच्याकडे येतात, आणि पन्ह्याच्या कांडीत गूळ घातला तर चालेल का? मी म्हटले चालेल, पण पाणी कुठले घेतेस ते आधी सांग.