पोटॅशचं पीक: गॅमा वर्णपट मोजण्याची कृती

उसाला पोटॅश टाकताना किरणोत्सर्गाचा विचार कुणाच्या मनात येत नाही, आणि यायचं कारणही नाही. पण पोत्यातल्या त्या लालसर दाण्यांमध्ये पोटॅशियम-४० असतं आणि ते सतत विघटित होत असतं. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ विघटनं होतात, त्यांतल्या तीन-साडेतीन विघटनांतून १४६१ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा गॅमा किरण निघतो. घाबरू नका. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातही साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे सेकंदाला चार हजारांवर विघटनं आपल्या आतच चाललेली असतात.

गायगर काउंटर जवळ नेला तर तो किरण आल्याचं टिकटिक करून सांगेल, पण तो कुणाचा हे सांगणार नाही. त्यासाठी डिटेक्टरमधून येणाऱ्या प्रत्येक विद्युत स्पंदाची उंची मोजावी लागते. खळ्यावर कांद्याची आकारानुसार प्रतवारी होते, तसंच हे काम. किरण जितकी ऊर्जा डिटेक्टरच्या स्फटिकात टाकेल तितका स्पंद उंच, आणि मल्टिचॅनल अॅनालायझर उंची पाहून प्रत्येक स्पंद आपापल्या चॅनलमध्ये टाकतो. पडद्यावर जो आलेख उभा राहतो, तोच वर्णपट.

साहित्य

- २ इंच × २ इंच सोडियम आयोडाइड (थॅलियम) डिटेक्टर, फोटोमल्टिप्लायरसह
- हाय व्होल्टेज सप्लाय, प्रीअॅम्प्लिफायर, अॅम्प्लिफायर
- १०२४ चॅनलचा अॅनालायझर आणि संगणक
- सीझियम-१३७ आणि कोबाल्ट-६० यांचे सीलबंद चकती सोर्स
- अर्धा किलो म्युरिएट ऑफ पोटॅश (पोत्यावर ०:०:६० असं छापलेलं), प्लॅस्टिकच्या बरणीत
- चिमटा, शिशाच्या विटा, चिकटपट्टी, नोंदवही

कृती

१. जोडणी. डिटेक्टर, प्रीअॅम्प्लिफायर, अॅम्प्लिफायर, अॅनालायझर या क्रमाने केबल जोडा. हाय व्होल्टेजचं बटण शून्यावर आहे ना, हे मुख्य स्विच दाबण्याआधी पाहा. सोडियम आयोडाइड हवेतला ओलावा ओढून खराब होतं, म्हणून स्फटिक अॅल्युमिनियमच्या डबीत बंद असतो. डबी आपटू नका, आणि एसीच्या झोतातून एकदम उन्हात नेऊ नका. अचानक तापमान बदललं तर स्फटिक तडकतो.

२. व्होल्टेज. डिटेक्टरच्या लेबलावर दिलेलं व्होल्टेज आणि त्याची ध्रुवता वाचा. मग पन्नास-पन्नास व्होल्टने सावकाश चढवा. पोहोचल्यावर अर्धा तास थांबा. हा वेळ वाया जात नाही. फोटोमल्टिप्लायरची प्रवर्धनक्षमता व्होल्टेजला इतकी संवेदनशील असते की व्होल्टेज एक टक्का हललं तरी पीक पाच-सात टक्के सरकू शकतं.

३. गेन (अॅम्प्लिफायरची प्रवर्धनक्षमता) बसवा. सीझियमची चकती चिमट्याने उचलून डिटेक्टरसमोर दहा सेंटिमीटरवर ठेवा. आपल्याला सुमारे २००० केईव्हीपर्यंतचा पल्ला हवा, म्हणून सीझियमचं ६६२ केईव्हीचं पीक एकूण चॅनलच्या तिसऱ्या हिश्शाशी, म्हणजे ३४०च्या आसपास येईल इतका गेन ठेवा. आता गेनच्या बटणावर चिकटपट्टी लावा. ही पट्टी मी एका फसलेल्या दुपारनंतर लावायला लागलो. दोन सोर्सच्या मध्ये कुणीतरी आलेख 'नीट दिसावा' म्हणून गेन किंचित फिरवला होता आणि तीन तासांची मोजणी रद्दीत गेली. पट्टी निघाली तर कॅलिब्रेशन पहिल्यापासून.

डेड टाइमचा आकडाही बघा. अॅनालायझर एक स्पंद मोजत असताना आलेला दुसरा स्पंद मोजला जात नाही, आणि दोन अगदी एकाच वेळी आले तर त्यांचा मिळून एक खोटा उंच स्पंद होतो. आकडा पाच टक्क्यांच्या वर गेला तर सोर्स लांब सरकवा. मोजणीचा वेळ 'लाइव्ह टाइम'वरच लावा.

४. वर्णपट वाचा. दहा मिनिटांनी पडद्याकडे उजवीकडून डावीकडे पाहा. उजवीकडचा घंटेच्या आकाराचा डोंगर म्हणजे फोटोपीक: किरणाने आपली सगळी ऊर्जा स्फटिकात टाकली. त्याच्या डावीकडे दरी, आणि मग ४७७ केईव्हीजवळ चढणारी पायरी. ही कॉम्प्टन कड. इथे किरण इलेक्ट्रॉनला धडकून उरलेली ऊर्जा घेऊन स्फटिकाबाहेर निसटला. इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त मिळू शकते ती ऊर्जा ४७७. आणखी डावीकडे १८४ केईव्हीपाशी उंचवटा दिसतो. टेबलावर, भिंतीवर, शिशावर आपटून परतलेले किरण ते. अगदी डाव्या टोकाला ३२ केईव्हीचं छोटं पीक दिसलं तर ते बेरियमचे क्ष-किरण, कारण सीझियम-१३७ विघटित होऊन बेरियमच होतं. इतके उंचवटे दिसले तरी सोर्सची गॅमा ऊर्जा एकच आहे हे विसरू नका. नवशिके इथेच चुकतात आणि प्रत्येक उंचवट्याला वेगळं मूलद्रव्य चिकटवतात.

५. कॅलिब्रेशन. सीझियम उचला, कोबाल्ट ठेवा, पुन्हा दहा मिनिटं. ११७३ आणि १३३२ केईव्हीची जोडपिकं दिसतील. समजा सीझियमचं पीक ३३८व्या आणि कोबाल्टचं दुसरं पीक ६७८व्या चॅनलवर आलं. मग:

उतार = (१३३२.५ − ६६१.७) ÷ (६७८ − ३३८) = १.९७३ केईव्ही प्रति चॅनल

छेद = ६६१.७ − (१.९७३ × ३३८) = −५.२ केईव्ही

छेद शून्य आला नाही म्हणून काळजी नको. तो क्वचितच शून्य येतो.

६. रेषेची पारख. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, त्यात कौतुक काही नाही. मुद्दाम बाजूला ठेवलेलं ११७३ आता कामाला येतं. सूत्रानुसार (ऊर्जा = उतार × चॅनल + छेद) ते ५९७व्या चॅनलवर हवं. दोन-तीन चॅनलच्या आत सापडलं तर पुढे जा. नाही सापडलं तर पीक नीट निवडलंत का, व्होल्टेज हललं का, हे आधी तपासा.

७. विभेदन. सीझियमच्या पिकाची निम्म्या उंचीवरची रुंदी मोजा. ती २४ चॅनल असेल तर २४ × १.९७३ = ४७.४ केईव्ही; त्याला ६६१.७ने भागलं की ७.२ टक्के. सोडियम आयोडाइडसाठी सात-आठ टक्के चांगले. तोच आकडा दहाच्या वर गेला तर स्फटिकात ओलावा शिरला असण्याची शक्यता धरा.

८. पार्श्वभूमी. दोन्ही सोर्स शिशाच्या डब्यात घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या. रिकामी बरणी डिटेक्टरला टेकवून ठेवा, तीस मिनिटं मोजा. १४६१ला तरीही हलकं पीक दिसेल. ते भिंतीतल्या विटा-सिमेंटमधल्या पोटॅशियमचं.

९. पोटॅश. बरणी भरा, तिथेच ठेवा, पुन्हा तीस मिनिटं. पीक ७४३व्या चॅनलच्या आसपास उगवायला हवं. पिकाच्या दोन्ही पायथ्यांमधल्या काउंट्सची बेरीज करा आणि तेवढ्याच चॅनलमधली पार्श्वभूमी वजा करा. उदाहरणार्थ, एकूण ७४००, पार्श्वभूमी ३०००, तर निव्वळ ४४००. त्रुटीची मर्यादा काढताना मात्र वजाबाकी नाही, बेरीज: (७४०० + ३०००)चं वर्गमूळ १०२. उत्तर ४४०० ± १०२ असंच लिहा. ± नसलेला आकडा नोंदवहीत नको.

१०. आवराआवर. व्होल्टेज सावकाश शून्यावर आणा. सोर्स मोजून कपाटात ठेवा, रजिस्टरवर सही करा, हात धुवा. प्रयोगशाळेत चहा आणू नका.

अडलं तर

सगळा आलेख डावीकडे दबलाय: गेन किंवा व्होल्टेज कमी. पीक तासाभरात सरकतंय: यंत्रणा तापलेली नाही, किंवा खोलीचं तापमान बदलतंय. शून्याजवळ काउंट्सचा उंच खांब उभा आहे: तो इलेक्ट्रॉनिक गोंगाट, अॅनालायझरची खालची मर्यादा थोडी वर घ्या; पण ३२ केईव्हीचं पीक कापलं जाणार नाही इतपतच.

सोर्सवरची तारीखही वाचत चला. कोबाल्टचा सोर्स सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, सीझियमचा तीस वर्षांत. पोटॅशियम-४०ला निम्मं व्हायला १२५ कोटी वर्षं लागतात. प्रयोगशाळेतल्या सगळ्या सोर्समध्ये दरवर्षी तेवढंच पीक देणारं खतवाल्याकडचं पोटॅशच.