उजेड दे, ऊन नको

मिरचीची रोपं भराभर उंच झाली म्हणून परवा किती खूश होतीस, आणि आज ती लवून आडवी पडताहेत म्हणून रडकुंडीला आलीस! अगं, ती उजेड शोधत होती. उजेड कमी पडला की देठ नुसता ताणला जातो, पांढरट पडतो, त्यात दम राहत नाही.

थंड देशांतले लोक घरात रोपं करतात ती उबेसाठी. आपल्या बऱ्हाणपुरात नेमकं उलटं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, गच्चीतला ट्रे दुपारपर्यंत भाजून निघतो. टोमॅटोचं बी तर ३५ अंशांच्या वर उगवायलाच कुरकुरतं. म्हणून आपण ट्रे घरात आणतो आणि ठेवतो कुठे, तर पडदे ओढलेल्या कूलरच्या खोलीत. तिथे गारवा आहे खरा, पण काळोखही आहे, आणि वर ती दमट हवा. अशा जागी रोपं बुडाशी कुजून कोलमडणारच.

ट्रे पूर्वेच्या खिडकीपाशी घे, कूलरच्या झोतापासून लांब. पण एवढ्यानं भागणार नाही. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारा खिडकीतला उजेड रोपाला अपुरा पडतो. साधी २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब आण आणि दोन दोऱ्यांनी शेंड्यांच्या वर चार-सहा बोटांवर टांग. हो, इतकी जवळ. ती फारशी तापत नाही. रोज चौदा तास चालू, रात्री बंद. रोपं वाढतील तशी दोरी आखडत जा. कोंब मातीबाहेर दिसला त्याच दिवशी ट्यूब लाव. पहिल्या दोन-तीन दिवसांतच देठ बिघडतो.

भांड्यात बागेतली चिकणमाती भरू नकोस. कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत घे. कोकोपीट आधी दोन पाण्यांनी धू, त्यात खार असतो. बी अर्धा सेंटिमीटर खोल, त्याहून खाली नको. बाजारचं गुलाबी बी औषध चोळलेलं असतं, तेव्हा ते हाताळलं की साबणानं हात धू आणि पुडी पोरांपासून दूर ठेव.

पाणी सकाळीच. संध्याकाळी शिंपडलंस तर रात्रभर देठ ओला राहतो आणि बुरशीचं फावतं. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेव, खालून ओढून घेऊ दे. वरचा थर ओलसर दिसला की लगेच बाहेर काढ. पंखा मंद असू दे. आणि दिवसातून दोन-तीनदा शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरव. हसू नकोस! वारा किंवा स्पर्श लागला की रोप बुटकं आणि जाड होतं. मार्क जाफी नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं १९७३ साली या प्रकाराला शास्त्रीय नावसुद्धा दिलं.

मग येतं ते उन्हाची सवय लावणं. तुझ्या सासरी केळीचा मळा आहे, तेव्हा हे वेगळं सांगायला नको. टिश्यू कल्चरचं रोप बाटलीतून निघून थेट शेतात जातं का? आधी पॉलीहाऊस, मग पिशवीत, हिरव्या जाळीखाली काही आठवडे. भाजीच्या रोपालाही तेवढा मान दे. आठवडा-दहा दिवस आधी ओसरीत आण, पहिल्या दिवशी कोवळ्या उन्हात अर्धा तास, मग रोज थोडं वाढव, पाणी थोडं आखड. लावणी ढगाळ संध्याकाळी कर.

मिरची-वांग्याला पाच-सहा आठवडे लागतात, टोमॅटोला चार पुरतात. तेव्हा चांगला पाऊस पडून जमीन मुरते त्या बेतानं, मिरची-वांगं मेच्या मध्यावर टाक, टोमॅटो त्यानंतर.

आता त्या आडव्या पडलेल्यांचं. टोमॅटोची कधी अशी पडली तर फेकू नकोस, खालच्या पानांपर्यंत देठ मातीत पूर. त्याला देठातून मुळं फुटतात. मिरचीला तसं सहजी जमत नाही, तिचं बी नव्यानं टाक. आणि गिलके-कारल्याला ट्रेमध्ये कोंबू नकोस हो, त्यांना मुळं हलवलेली खपत नाहीत. कागदी कपात एकेक बी लाव आणि कपासकट खड्ड्यात ठेव.