सावली मोजायची राहिली

३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मे २०२४ मध्ये सायखेड्यातल्या घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदान होतं, निवृत्तीचे थोडे पैसे हाताशी होते आणि गावात आपण काहीतरी आधी केलं म्हणून मिरवायची हौस तर होतीच. त्यानंतर जे शिकलो त्यातलं बरंचसं पुस्तकात होतं. फळ्यावर ते मीच लिहून दिलं होतं, हा भाग वेगळा.

१. आपल्याला वीजबिल वाचता येत नाही, हे कळायला मला साठी गाठावी लागली. एक किलोवॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट, हे मी पोरांकडून घोकून घेतलं. घरी बिल आलं की मात्र खालचा आकडा बघायचा, 'वाढलं पुन्हा' म्हणायचं आणि कागद फ्रिजवर चुंबकाखाली अडकवायचा. सोलरवाल्यानं वर्षभराचा वापर विचारला तेव्हा मी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मागच्या महिन्यांचे आकडे बिलावरच छापलेले असतात, हे तिनं बोट ठेवून दाखवलं. शंभर युनिटांची वेस ओलांडली की पुढच्या युनिटांना जवळजवळ दुप्पट दर लागतो, हेही त्याच दिवशी समजलं. वेस आम्ही दर महिन्याला ओलांडत होतो आणि पार दुसऱ्या गावात जाऊन येत होतो.

२. पॅनेल चढवण्याआधी पंखे उतरवायला हवे होते. मी उलटं केलं. आमचे चार जुने पंखे प्रत्येकी पाऊणशे वॉट खात होते, नवे बीएलडीसी पंखे तीसेक वॉटवर तेवढाच वारा देतात. रोज दहा तास धरले तर चार पंख्यांमागे महिन्याला पन्नासेक युनिटं वाचतात. हे गणित आठवीतल्या पोरानं केलं असतं. टीव्ही बंद करून झोपल्यावर सेट टॉप बॉक्सचा लाल डोळा रात्रभर आमच्याकडे बघत असायचा, त्याचंही बिल आम्हीच भरत होतो. आईला हे सगळं न शिकवता येतं. ती खोलीतून उठली की तिचा हात आपोआप बटणाकडे जातो. 'दिवसाढवळ्या दिवा कशाला जाळू राहिला रे?' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. तिनं कंदिलाची काच राखेनं पुसलेली आहे, उजेड फुकट नसतो हे तिच्या बोटांना ठाऊक आहे.

३. मात्र आईशी माझं बंबावरून वाजलं. आमच्या निफाड तालुक्याची थंडी सगळ्या महाराष्ट्राला बातम्यांतून माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचाच्या खाली गेला की आमचा तालुका पेपरात येतो. अशा थंडीत आईचा तांब्याचा बंब पहाटे पाचला पेटतो, द्राक्षाच्या छाटणीतल्या वाळलेल्या काड्यांवर. मी गीझर आणला. २००० वॉटचा. 'आता सोलर आहे, धूर बंद,' असं जाहीर केलं. पण पहाटे पाचला सोलर कुठलं? सूर्यच उठलेला नसतो. तेव्हा गीझर चालतो तो तारेतून आलेल्या विजेवर, म्हणजे बहुतेक कोळशावर. नाशिकरोडकडे जाताना एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात, तेव्हा आता मी जरा नजर चुकवतो. बागेतल्या काड्या तर दर वर्षी नव्यानं येतात. नव्या भाषेत ज्याला नवीकरणीय म्हणतात ते आई कधीपासून बंबात घालते आहे. धुरानं तिचे डोळे चुरचुरतात, हेही तितकंच खरं. सध्या तह असा आहे की आंघोळी ऊन वर आल्यावर. मी निवृत्तच आहे, मला कुठं शाळा गाठायचीय?

४. लाइट गेली की सोलरही जातं. हा धक्का मला जून महिन्यात बसला. भर दुपार, डोक्यावर ३ किलोवॅट तळपतायत, गावची लाइट गेलेली आणि माझा पंखा गपगार. सोलरवाल्याला फोन लावला आणि मास्तरकीच्या आवाजात झापलं. तो शांतपणे म्हणाला, 'सर, बॅटरी नाही ना घेतली तुम्ही. तारेत वीज नसली की ते मुद्दाम बंद होतं.' फसवलं गेल्यासारखं वाटलं. दोनच दिवसांनी वाऱ्यात फांदी तारेवर पडली आणि आमच्या गल्लीतल्या खांबावर वायरमन चढला. पायात साध्या चपला, कमरेला पकड, तोंडात दुसऱ्या तारेचं टोक. मी गच्चीतून बघत होतो. त्या क्षणी माझ्या पॅनेलांनी तारेत वीज ढकलली असती तर ती थेट त्याच्या हातात गेली असती. म्हणून इन्व्हर्टर तारेची नाडी तपासतो आणि ती थांबली की स्वतःही थांबतो. त्यानंतर दुपारी लाइट गेली की मी हातपंख्यानं वारा घेतो आणि फारशी तक्रार करत नाही. फारशी.

५. गंगेकाठच्या गावात भिंतीवरची रेघ इंजिनिअरपेक्षा मोठी. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. धरणातून पाणी सुटलं की पुलाला पाणवेली अडकतात आणि गाव रात्रभर जागं राहतं. २०१६ च्या ऑगस्टात पाणी घरात आलं, २०१९ च्या ऑगस्टातही आलं; दुसऱ्या खेपेला जिन्याखालची इन्व्हर्टरची बॅटरी चिखलात सापडली. सोलरचा इन्व्हर्टर मीटरशेजारी खालीच लावायचं ठरत होतं, वायर कमी लागते म्हणून. आई काठी टेकत आली, पुराची रेघ दाखवली आणि म्हणाली, 'हिच्या वर किती हात?' इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर गेला. वायरीचे पैसे जास्त पडले, ते मी आनंदानं दिले असं म्हणणार नाही.

६. फुकटाची सवय फार लवकर लागते. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही एसी घेतला, घरघंटी घेतली आणि व्हरांड्यातला दिवा रात्रभर ठेवू लागलो. 'आपलंच आहे' हे वाक्य घरात रोज ऐकू येई. वापर जवळजवळ दीडपट झाला. पुतण्या अर्थशास्त्र शिकतो, त्यानं सांगितलं की जेव्हन्स नावाच्या इंग्रजानं १८६५ सालीच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलंय: यंत्रं काटकसरी झाली की माणसं कोळसा जास्तच जाळतात. मला वाटलं होतं की हा फक्त आमच्या घराचा गुण आहे. आता घरघंटी दुपारी चालते, व्हरांडा अंधारात असतो. एसी आहे, त्याबद्दल विचारू नका.

७. बिल शून्य येत नाही. पावसाळ्यात ढग गच्च दाटले की दिवसाला तीन-चार युनिटंच मिळतात. बारा मिळतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आभाळ निरभ्र आणि हवा फार तापलेली नसताना. आणि वीज आकार शून्यावर आला तरी स्थिर आकार उरतोच. गावात मी 'शून्य बिल' असं सांगत फिरलो होतो, ते लोक अजून विसरलेले नाहीत.

८. धूळ सगळीकडे असते, आमच्याकडे वर कांद्याची टरफलं असतात. चाळी भरायच्या दिवसांत ती वाऱ्यावर उडत येतात आणि काचेला चिकटतात, गुलाबी, पातळ, ओल्या कागदासारखी. बोअरच्या पाण्यानं धुतलं तर क्षाराचे पांढरे डाग पडतात. मी आता उन्हाआधी नळाला येणाऱ्या नदीच्या पाण्यानं, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसतो. शेजारी विचारतात, सोलरची पूजा चाललीय का.

९. खरी गरज कुणाची आहे ते मला शेतावर कळलं. चुलतभावाची थ्री फेज लाइट आठवड्याआड रात्रीची असायची. उसाला पाणी द्यायला तो रात्री दोनला बॅटरी घेऊन निघायचा आणि आमच्या भागातला ऊस म्हणजे बिबट्याचं माहेरघर. त्यानं सरकारी योजनेतून दहा टक्के हिस्सा भरून सौर पंप घेतला. आता तो दिवसा पाणी देतो. वहिनी रात्री झोपते. माझ्या गच्चीनं कोणाची झोप वाचवली नाही.

१०. आणि सावली. ही सगळ्यात शेवटी सांगतोय, कारण लाज वाटते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा हा खेळ मी शाळेच्या पटांगणात पोरांना दर वर्षी दाखवत असे. त्याच आठवड्यात मी पॅनेलं बसवली, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला, आणि 'बघा, कुठेच सावली नाही' म्हणून सोलरवाल्याला दाखवलंही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला, टाकीची सावली लांबली आणि थेट पॅनेलांवर येऊन बसली. सहा पॅनेलं एकसर जोडणीत, एक झाकलं की बाकीच्यांनाही मागे खेचतं. उत्तरायण, दक्षिणायन, एकसर जोडणी: तीन धडे, तीनही माझे. बायको म्हणाली, 'पोरांना पाच मार्कांना विचारत होतात ना हे?' टाकी हलवायला प्लंबर येतो म्हणालाय. दिवाळीनंतर, म्हणजे सावली पुन्हा पडायला लागल्यावर.