नासले की आंबले?
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या गाडीवरून आईने काळी द्राक्षे आणली होती. त्यांचा रस काढून मी बाटलीत भरला, घट्ट बूच लावले आणि बाटली ओट्याखाली ठेवून विसरून गेले. तिसऱ्या रात्री बूच उडाले आणि निम्मा रस भिंतीवर गेला. आई म्हणाली, "नासला. ओत मोरीत." शेजारच्या आजी दारातूनच म्हणाल्या, "नासला कुठं? आंबलाय तो."

रस अर्थातच मोरीत गेला; पण त्या दोन शब्दांनी माझी पाठ सोडली नाही. दूध नासते आणि दूध विरजतेही. पीठ आंबते म्हणून आंबोळी होते. तेच आणखी दोन दिवस राहिले तर फेकावे लागते. मग बिघाड कोणता आणि कृती कोणती, हे ठरवायचे कोणी? या कुतूहलापोटी मी वाइनचा इतिहास वाचू लागले. वाइन मी चाखलेली नाही आणि तिची तरफदारी करण्याचा या लेखाचा हेतूही नाही. परंतु चूक आणि नियमभंग यांतून माणूस काय शिकतो, हे पाहायला याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

द्राक्षाचा रस आंबतो तो यीस्ट नावाच्या सूक्ष्मजीवामुळे. तो रसातली साखर खातो. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. आमचे बूच उडवले ते याच वायूने. आंबणे हे सजीवांचे काम आहे, हे १८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी दाखवून दिले. तोपर्यंत हजारो वर्षे माणूस वाइन करीत होता, पण आत काय चालले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. आपण 'पाश्चराइज्ड' हा शब्द दुधाच्या पिशवीवर वाचतो. पण ती पद्धत पाश्चर यांनी प्रथम शोधली ती वाइन बिघडू नये म्हणून!

आता काही प्रसिद्ध चुका पाहू. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात थंडी कडक. शरद ऋतूत रस आंबू लागे आणि हिवाळ्यात यीस्ट गारठून काम थांबे. लोकांना वाटे, वाइन तयार झाली. वसंतात ऊब आली की उरलेली साखर पुन्हा आंबे, बाटलीत वायू कोंडे आणि बाटल्या फुटत. हा तेव्हा दोषच मानला जाई. ज्यांना फेसाळ शॅम्पेनचे जनक म्हटले जाते ते डॉम पेरिन्याँ हे साधू प्रत्यक्षात हे बुडबुडे टाळण्याच्याच खटपटीत होते. उलट इंग्लंडात काच अधिक मजबूत होत असे. तेथे मुद्दाम साखर घालून वाइन फेसाळ करतात, असे ख्रिस्तोफर मेरेट यांनी १६६२ मध्येच नोंदवून ठेवले आहे. एकाचा दोष तो दुसऱ्याची आवड ठरला.

जर्मनीतल्या योहानिसबर्गची कथा तर आपल्याकडच्या कचेऱ्यांची आठवण करून देणारी आहे. तेथील साधूंना द्राक्षतोडणीसाठी फुल्डाच्या बिशपची परवानगी लागे. १७७५ मध्ये परवानगी आणणारा घोडेस्वार फार उशिरा पोहोचला, तोवर घडांवर बुरशी चढली, असे सांगतात. साधूंनी तरीही तो माल वापरला आणि वाइन अपूर्व गोड निघाली. ही बुरशी द्राक्षातले पाणी उडवते आणि साखर दाट करते. मदिरा बेटावरची वाइन जहाजातून उष्ण समुद्र ओलांडताना तापत असे. ती बिघडण्याऐवजी सुधारली, तेव्हा पुढे पिंपे मुद्दाम प्रवासाला पाठवू लागले!

पण माझ्या मते सर्वांत मोठा नियमभंग आपल्या नाशिकचा आहे. वाइनची द्राक्षे ३० ते ५० अक्षांशांमध्येच पिकवावीत, असा जुना संकेत. नाशिक २० अक्षांशावर. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि पावसाळा नसल्याने शरदात निवांत पिकतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही, आणि युरोपचे वेळापत्रक पाळले तर घड ऐन पावसात कुजतील. म्हणून आपले बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमधल्या खरड छाटणीने काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीने घड येतो. मग कोरडे, उबदार दिवस आणि गार रात्री यांत द्राक्षे पिकतात आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडणी होते. ही युक्ती वाइनवाल्यांची नव्हे, खाण्याची द्राक्षे लावणाऱ्या शेतकऱ्यांची. तिच्याच आधारावर १९८० च्या दशकात नारायणगावला इंडेजची फेसाळ वाइन झाली आणि १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला वाइनच्या जातींची लागवड केली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने या उद्योगासाठी सवलतींचे धोरणही आणले. ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेथे हे घडले!

तर मग नियम मोडणे चांगलेच म्हणायचे काय? येथे मला थांबावेसे वाटते. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातील काही व्यापाऱ्यांनी वाइन गोड आणि दाट लागावी म्हणून तीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचे उघड झाले. तोही नियमभंगच. आणि दूर कशाला जावे? जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. ती वाइन नव्हती, मिथेनॉल मिसळलेली हातभट्टी होती. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले लोक होते. आमच्या चाळीतही अशीच माणसे राहतात. म्हणून ही बातमी मला इतिहासातील इतर गोष्टींसारखी वाचता आली नाही.

विचार करता मला फरक सापडला तो असा. ऑक्टोबरात छाटणी करणारा शेतकरी नियम मोडतो तेव्हा बाग त्याची, कर्ज त्याचे. अवकाळी पाऊस वा गारपीट झाली तर नुकसानही त्याचेच. साधूंनी बुरशीची द्राक्षे वापरली, ती आधी स्वतः चाखली. मालवणीत विष विकणाऱ्याने मात्र नफा आपल्याकडे ठेवला आणि धोका दुसऱ्याच्या पेल्यात ओतला. नियम मोडला हे दोन्हीकडे खरे. किंमत कोणी मोजली, हा खरा प्रश्न.

शिवाय केवळ चुकीने काहीच घडत नाही. बाटल्या किती फुटल्या असतील, त्यांची गणती नाही. कारण शोधणारे थोडे निघाले म्हणून शॅम्पेन झाली. आपणही परीक्षेत, प्रयोगात, घरात चुकतो आणि लाजेने ती चूक चटकन मोरीत ओततो. पुढच्या खेपेस ओतण्याआधी एकदा आजींचा प्रश्न स्वतःला विचारावा, असे मी ठरवले आहे: नासले की आंबले?