अढी बसते, द्वेष करावा लागतो

पौड, ता. मुळशी
वैशाख

चि. बाळ यास,


तुझ्या अर्जाचा मसुदा मिळाला. शुद्धलेखन तपासून दे म्हणालास, ते तपासलं. चुका दोनच निघाल्या. पण एका शब्दापाशी मी अडलो. बांधाच्या तंट्याबद्दल लिहिता लिहिता तू लिहून गेलास, ‘माझे चुलते पहिल्यापासून माझा द्वेष करतात.’ द्वेष हा शब्द तू शुद्ध लिहिला आहेस, पण तो खरा आहे का, हे तू स्वतःला विचारलेलं दिसत नाही.

मी आयुष्यभर मराठी शिकवली. मनातल्या वाईटाला आपल्या भाषेत किती नावं आहेत, ते पाहा. आणि नुसती नावं पाहू नकोस, त्यांच्या मागे येणारं क्रियापद पाहा. हेवा वाटतो. आकस असतो. अढी बसते. सल राहतो. वैर पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं. द्वेष मात्र माणूस करतो. जे वाटतं त्यावर आपला ताबा नसतो, जे करतो ते मात्र ठरवून करतो. म्हणून ‘द्वेष करतात’ असं लिहिलंस की तू चुलत्यांवर हेतूचा आरोप ठेवतोस. तो सिद्ध करायला तुझ्याजवळ काय आहे?

हेव्यात फार विष नसतं. ‘हेवा वाटावा असं पीक’ असं आपण कौतुकानेही म्हणतो. मत्सराला मात्र आपल्या लोकांनी षड्रिपूंत बसवलं, कारण त्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. असूया त्याहून बारीक. ती समोरच्याच्या गुणातही दोष शोधते. डूख तर सापाचा शब्द. डूख धरणारा वेळ येईपर्यंत गप्प राहतो. आता सांग, तुझे चुलते यांतलं काय करतात? तुझ्या वडिलांच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बसले होते, ते डूख धरलेले होते का? बांध सरकला असेल, बोलणं तुटलं असेल, पण मला वाटतं त्यांच्या मनात तुझ्याबद्दल अढी बसली आहे. एवढंच.

अढी म्हटलं की मला माळ्यावरची अढी आठवते. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यात आंबे पिकायला घालतात, तीही अढीच. माझी आजी दर तिसऱ्या दिवशी शिडी चढून जायची, पेंढा हलक्या हाताने बाजूला करून एकेक आंबा वास घेऊन पाहायची. डाग पडलेला निघाला की लगेच बाहेर काढायची. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तो आंबा ती फेकत नसे. डागाएवढा भाग सुरीने काढून उरलेल्याचा रस आम्हा पोरांना द्यायची. मनातली अढीही अशीच वेळेवर उघडून पाहावी लागते. झाकून ठेवलीस तर तिचा द्वेष होतो. मग तू लिहिलेला शब्द खरा ठरेल, आणि त्याला तूही कारण असशील.

तू म्हणशील, मग अन्याय सोसायचा का? मुळीच नाही. आपण मुळशीची माणसं आहोत. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी मुळशी धरणाच्या जागी जाऊन काम बंद पाडलं. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या ते पुण्याचे सावकार मोबदल्याला राजी झाले आणि कसणारे एकटे पडले. गावं पाण्याखाली गेली. द्वेष करायला याहून मोठं कारण कुणाला मिळालं असेल? पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजी बोट दाखवून एवढंच म्हणायची, ‘तिथं आपलं आंबेमोहोराचं खाचर होतं.’ ती कुणाला शिव्या देत नसे आणि विसरतही नसे. त्याला सल म्हणतात. सल माणसाला सरळ ठेवतो, त्याची मागणी विसरू देत नाही. आकस मागणीच विसरायला लावतो आणि नुसता माणूस डोळ्यापुढे ठेवतो.

आज आपल्या तालुक्यात हिंजवडीपासून जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, आणि वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. ‘भाऊबंदकी’ या शब्दात ‘भाऊ’ आहे, तरी त्याचा अर्थ भांडण असा झाला, याचं मला फार वाईट वाटतं. निदान तुझ्या हातून त्यात भर पडू नये.

म्हणून ते वाक्य खोड. अर्जात गट नंबर लिही, खाचर कोणत्या बाजूने किती कमी भरतं ते लिही आणि सरकारी मोजणी माग. तो तुझा हक्क आहे, त्यात संकोच करू नकोस. कचेरीला चुलत्यांचं मन मोजता येत नाही, बांध मोजता येतो.

आणखी एक. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांनाही जाते. तो कागद त्यांच्या दारात पडायच्या आधी तू जा. ‘काका, मी मोजणी मागितली आहे, जे निघेल ते दोघांनी मान्य करू,’ एवढं स्वतःच्या तोंडाने सांग. ते रागावले तरी बसून राहा, काकू चहा आणीपर्यंत तरी. अढी उघडायची असेल तर शिडी कुणीतरी चढावी लागते. तू लहान आहेस, तुझे गुडघे अजून चांगले आहेत.

दुरुस्त केलेला मसुदा सोबत जोडला आहे. घरच्या सर्वांना नमस्कार.

तुझा,
मामा