विजेचा मासा आणि त्याचे शेजारी

गोंदिया जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी ठिकठिकाणी बांध घालून तेथे पाणी अडविले, आणि ढिवर लोकांनी त्या पाण्यातील मासे धरून पिढ्यान्‌पिढ्या आपला चरितार्थ चालविला. कोणता मासा काठच्या गवतात राहतो, कोणता गाळात दडतो, हे ढिवराच्या मुलाला लहानपणीच कळते. शिंगी धरताना मात्र जाणता ढिवरही हात जपतो. कारण तिच्या छातीजवळच्या पराचा काटा विषारी असतो. तो बोचला की विंचू चावल्याप्रमाणे वेदना होतात.

शिंगी ही मिशा असलेल्या माशांपैकी एक होय. अशाच मिशा असलेला तिचा एक दूरचा आप्त आफ्रिकेतील नाईल नदीत राहतो. त्याचे शस्त्र काटा नव्हे, तर वीज हे आहे!

हा मासा दिसावयास अगदी भोळा. शरीर गुबगुबीत, रंग करडा, त्यावर काळे ठिपके, डोळे बारीक आणि तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या. दिवसा तो दगडांच्या सांदीत सुस्त पडून असतो. परंतु त्याच्या त्वचेखाली, अंगात बंडी घालावी त्याप्रमाणे, वीज उत्पन्न करणारे इंद्रिय पसरलेले असते. त्यातील एकेका पेशीची वीज अत्यल्प. पण सर्व पेशी एकाच क्षणी कामास लागल्या म्हणजे विजेचा दाब ३५० व्होल्टपर्यंत चढतो. या अफाट सैन्याला हुकूम देणारे सेनापती मात्र दोनच! मज्जारज्जूच्या प्रत्येक बाजूस असलेली एकेक मोठी चेतापेशी हे काम करते. अरबी भाषेत या माशाचे नावच मुळी गडगडाटावरून पडले आहे. ईजिप्तमध्ये सक्कारा येथील एका थडग्याच्या भिंतीवर सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी त्याचे चित्र काढलेले आढळते.

असा अद्भुत प्राणी आपल्या काचपेटीत असावा, असे एखाद्या हौशी मनुष्यास वाटले तर नवल नाही. पण त्याला इतर माशांबरोबर ठेवले तर काय होते? नदीचे पात्र विशाल असते. तेथे धक्का बसलेल्या माशाला दूर पळण्यास वाट असते. काचपेटी म्हणजे जेमतेम दोन हात पाणी! रात्र होताच हा मासा शिकारीस निघतो. पाण्यातून वीज पसरते, शेजारचे मासे बधिर होतात आणि तो त्यांना सावकाश गिळून टाकतो. सकाळी पाहावे तो पेटीत तो एकटाच! आपल्या जातीचा दुसरा मासाही त्याला सहसा खपत नाही. म्हणून जाणकार लोक त्याला स्वतंत्र पेटीत ठेवतात, दडण्यास जागा देतात, उजेड मंद ठेवतात आणि पेटी साफ करताना हातांत रबरी मोजे घालतात. त्याच्या धक्क्याने मनुष्य सहसा दगावत नाही. पण हात चांगलाच झिणझिणतो.

यात दोष त्या माशाचा नाही. पोट भरण्यासाठी आणि जीव वाचविण्यासाठी निसर्गाने त्याला जे दिले, त्याचाच तो उपयोग करतो. दोष असलाच तर विचार न करता त्याला इतरांच्या शेजारी बसविणाऱ्याचा.

पेटीतला मासा मोठा झाला आणि हौस फिटली, म्हणजे काही लोक त्याला जवळच्या तलावात सोडून देतात. त्यांना ती दया वाटते; पण एका जिवावरची ही दया शेकडो जिवांवर संकट आणू शकते. आफ्रिकेतूनच आलेल्या एका मोठ्या मांगुराने हे दाखवून दिले आहे. झटपट वाढतो म्हणून लोकांनी त्याला पाळले. तो नद्यांत व तलावांत शिरला आणि देशी माशांचा फडशा पाडू लागला. अखेर २००० साली भारतात त्याच्या पालनावर बंदी घालावी लागली.

गेलेले मासे परत आणणे सोपे नसते. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतील काही तलावांत ढिवर स्त्रीपुरुषांनी गाळात उभे राहून पाणवनस्पती लावल्या, तेव्हा कोठे देशी माशांना पुन्हा आसरा मिळाला. त्या तलावावरच त्यांची चूल पेटते. काचपेटी हा लहान तलाव, आणि तलाव ही गावाची मोठी काचपेटी. दोहोंतही नवा पाहुणा आणण्यापूर्वी, तेथे आधीपासून राहणाऱ्यांचे काय होईल, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारला पाहिजे.

शब्दार्थ
चरितार्थ – उदरनिर्वाह. आप्त – नातेवाईक. बधिर – संवेदना नसलेला. फडशा पाडणे – संपवून टाकणे. आसरा – आश्रय.

स्वाध्याय
१. शिंगी व विजेचा मासा यांच्या शस्त्रांत कोणता फरक आहे?
२. नदीत वाचू शकणारा मासा काचपेटीत का वाचत नाही?
३. ‘एका जिवावरची ही दया शेकडो जिवांवर संकट आणू शकते,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. आपल्या गावच्या तलावात किंवा नदीत मिळणाऱ्या माशांची नावे वडील माणसांना विचारून लिहा.